डायरीला काय लिहू, साहेब?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी परिविक्षाधीन पोलीस उपनिरीक्षक आहे. शेतकरी घरातली, एमपीएससी करून फौजदार झाले, नाशिकच्या अकादमीतलं प्रशिक्षण संपलं आणि आता एका ग्रामीण ठाण्यात आहे. हद्दीत मोठी घरफोडी झाली. वरून फोनावर फोन. संशय पारधी वस्तीतल्या एका मुलावर होता आणि तो सापडत नव्हता. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही जा. त्याची आई आणि बायको घेऊन या. तो आपोआप येतो." महिला अंमलदार सोबत घेऊन मी गेले. बायकोच्या कडेवर तान्हं बाळ होतं. रात्रभर त्या ठाण्याच्या व्हरांड्यात बसून होत्या. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. मी चहा-बिस्किटं आणून दिली. ठाण्याच्या डायरीला नोंद नाही. सकाळी मुलगा हजर झाला, थोडा मुद्देमालही निघाला. क्राइम मीटिंगमध्ये आमच्या ठाण्याचं कौतुक झालं.

तेव्हापासून मला धड झोप नाही. घरी चिडचिड होते. परवा तक्रार द्यायला आलेल्या एका म्हातारीवर मी उगाच ओरडले. साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणतात, "नव्या आहात, सवय होईल." अकादमीत नीतिमत्ता, ताणाचं व्यवस्थापन, समाजाची जाण असे विषय शिकवले होते. ते सगळं परीक्षेपुरतं होतं का? मी या खात्यासाठी फार मऊ आहे का? एसटीआयच्या (राज्य कर निरीक्षक) तयारीला लागू का? आणि हे घरी सांगू का?

उत्तर:

सवय होईल हे तुमच्या साहेबांचं म्हणणं खरं आहे, आणि मला काळजी त्याचीच वाटते. म्हातारीवर ओरडलात तिथे सवयीची सुरुवात झालेली दिसते. ओरडल्याचं तुम्हाला खटकलं आणि तुम्ही ते लिहिलंत, म्हणजे अजून उशीर झालेला नाही.

"मऊ" हा शब्द तुम्ही स्वतःला लावून घेतला आहे, तो आधी बाजूला ठेवू. मैदानावर पळताना, गोळीबाराच्या सरावात, बंदोबस्तात रात्र उभी काढताना तुम्ही मऊ पडलात असं पत्रात कुठेही नाही. त्रास झाला तो एका ठरावीक गोष्टीचा: जे बेकायदेशीर आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, ते तुमच्या हातून करून घेतलं गेलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी याच प्रकारच्या दुखण्याकडे लक्ष वेधलं होतं. गोळ्या आणि मरण यांच्या भीतीशिवाय आणखी एक गोष्ट त्या सैनिकांना पोखरत होती. ज्या वरिष्ठावर विश्वास ठेवायचा, त्यानंच योग्य-अयोग्याची रेघ ओलांडायला लावली होती. म्हणून तुमच्या झोपेचा प्रश्न नुसत्या प्राणायामानं सुटेल असं मी म्हणणार नाही. प्राणायाम जरूर करा, पण तो या दुखण्यावरचं औषध नाही.

त्या रात्री नेमकं काय झालं ते कायद्याच्या भाषेत एकदा स्पष्ट मांडू, कारण ठाण्यात त्याला कुणी नाव देत नाही. "बसवून ठेवलं" म्हटलं की अटकही नाही आणि कोठडीही नाही, असं सगळ्यांना वाटतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावताच येत नाही. ती राहते तिथे जाऊन विचारायचं. ती स्वतःहून यायला तयार असेल तर गोष्ट वेगळी, पण त्या दोघी हौसेनं आल्या होत्या असं तुम्हीही म्हणणार नाही. अटक म्हणावी, तर कलम ४३ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत अपवादात्मक परिस्थितीशिवाय महिलेला अटक नाही, आणि करायचीच तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. इथे तर त्या दोघींवर गुन्हाच नव्हता. माहिती काढण्यासाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी कुणाला डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. त्यात चहा-बिस्किटांची सूट नाही. चहा तुम्ही माणुसकीनं दिलात हे मला कळतं. पण त्या चहामुळे ती रात्र तुमच्या डोळ्यांना थोडी कमी वाईट दिसली, एवढंच.

ठाण्यात कॅमेरे आहेत, हेही लक्षात घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं, आणि ज्या जागा सांगितल्या त्यात व्हरांडेही आहेत. उद्या तक्रार झाली, तर चित्रीकरणात त्या दोघींना आत आणताना तुम्ही दिसाल. फोनवरचा किंवा केबिनमधला तोंडी आदेश त्यात दिसणार नाही. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. महिला अधिकारी म्हणून तुम्हाला पाठवण्यामागे कायदा पाळल्याचा देखावा होता, आणि त्या देखाव्याची जोखीम तुमच्या एकटीच्या नावावर चढली, हे तुम्हाला दिसावं म्हणून लिहिलं.

"पण चोर तर सापडला ना?" हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण कौतुकाच्या उल्लेखाआड तो आहेच. पद्धत कामी आली हे मान्य करू. तरी त्या दिवशी तो मुलगा हजर झाला, एवढंच सिद्ध झालं. आई आणि बायको ठाण्यात बसल्या आहेत म्हटल्यावर निर्दोष मुलगाही हजर झाला असता. किंबहुना तो आधी धावत आला असता. म्हणजे चोर कोण आणि मुलगा कोण, हे ओळखण्याची ताकद या युक्तीत नाही. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. तिच्यामुळे जो माल निघाला, त्यापुरताच माहितीचा भाग पुरावा म्हणून चालतो. बचावाच्या वकिलाला त्या रात्रीचं चित्रीकरण मिळालं, तर या पुराव्यालाही सुरुंग लागेल. फरारी संशयितासाठी कायद्यानं रस्ता दिलेला आहे: अटक वॉरंट, मग कलम ८४ चा जाहीरनामा, मग ८५ खाली मालमत्तेची जप्ती. हा रस्ता लांबचा आहे. क्राइम मीटिंग त्याआधी येते, ही खरी अडचण आहे, आणि ती तुमच्या साहेबांची आहे.

साहेबांबद्दल तुम्ही "वाईट माणूस नाहीत" लिहिलंत, ते मला पटतं. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांच्या २०१९ च्या अहवालात देशातले पोलीस सरासरी चौदा तास काम करतात, असं आढळलं होतं. मुंबईत २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, त्याची बातमी झाली. आठ तास काम ही बातमी होते यावरूनच बाकीच्यांचं काय चाललं आहे ते समजा. चौदा तास ड्युटी करणारा, साप्ताहिक सुट्टी हुकलेला, वरून आमदार आणि बाजूनं पत्रकार ओढत असलेला माणूस जवळचा रस्ता धरतो. याचा अर्थ त्याला माफी असा नाही. पण त्याच्याशी बोलायचं कसं, हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.

आता पारध्यांबद्दल. संशय त्या मुलावर कशावरून आला, हे तुमच्या पत्रात नाही. बोटांचे ठसे? खबऱ्याची पक्की माहिती? की घरफोडी झाली म्हणजे पहिली गाडी वस्तीकडे, हा रिवाज? मला वाटतं, हे लिहायचं राहिलं कारण ठाण्यात कुणी विचारलंच नव्हतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणूस जन्मताच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. कुटुंबंच्या कुटुंबं काटेरी तारेच्या कुंपणात, रोज हजेरी. सोलापुरात एका भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. १९५२ मध्ये ३१ ऑगस्टला तो कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. पण कायदा गेल्यावर नोंदवह्या राहिल्या आणि नोंदवह्यांपेक्षा टिकाऊ असा बीट अंमलदाराचा अंदाज राहिला. २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की मागास आणि वंचित समाजातल्या माणसांची नावं केवळ त्यांच्या जन्मामुळे यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या सराईतांच्या नोंदीत, चढवू नयेत.

समाजाची जाण म्हणजे सणावाराला कुणाला काय शुभेच्छा द्यायच्या, एवढीच समजूत आपल्याकडे झाली आहे. त्या रात्री तिचा खरा उपयोग होता. काही भटक्या-विमुक्त समाजांत रात्रभर घराबाहेर राहिलेल्या बाईला परत आल्यावर जातपंचायतीपुढे उत्तर द्यावं लागतं. ती कुठे होती आणि कुणासोबत होती याचा पुरावा मागतात. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा राज्यानं केला आहे, म्हणून त्या बाईला वाचवायला लगेच कुणी येतं असं नाही. प्रत्येक वस्तीत असंच घडतं असं समजू नका. विचारल्याशिवाय कळणार नाही. तुमच्यासाठी रात्र सकाळी संपली. त्यांच्यासाठी संपली का, हे तुम्हाला ठाऊक नाही.

आणि आदिवासी मुलगी, रात्रीचं पोलीस ठाणं, घरचे लोक बाहेर, हे महाराष्ट्रानं एकदा पाहिलेलं आहे. १९७२ चं देसाईगंज आठवा: मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर तिथल्या ठाण्यातच बलात्कार केल्याचा दोन पोलिसांवर आरोप होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तुमच्या व्हरांड्यात तसं काही झालं नाही, हे मला कळतं. पण महिलेला रात्री ठाण्यात आणू नये या नियमामागे असा इतिहास आहे. पोलीस प्रशिक्षणात तो कलमाच्या आकड्यासह सांगितला, तर वर्गातली झोप जरा उडेल असं मला वाटतं.

वर्गातल्या झोपेचाच विषय निघालाय म्हणून सांगते. पहाटेपासून परेड, पीटी, उस्तादांचा आरडाओरडा, आणि मग दुपारी जेवणानंतर नीतिमत्तेचा तास. अशा तासात जागं राहिलेल्या प्रशिक्षणार्थींचा सत्कारच करायला हवा. शिवाय नीती एका दिवशी, ताण दुसऱ्या दिवशी, समाज तिसऱ्या. प्रत्येकाचे वक्ते वेगळे. ठाण्यात हे तिन्ही एकाच रात्री एकाच व्हरांड्यात भेटतात. तेव्हा तुम्ही शिकलात ते खोटं नव्हतं. हुकूम आल्यावर तोंडातून कोणतं वाक्य काढायचं, याची तालीम कुणी करून घेतली नाही. लाठीची करून घेतली, कवायतीची घेतली, आणि याची नाही. हे वाचणाऱ्यांत कुणी प्रशिक्षण केंद्रात शिकवत असेल, तर त्यांना विनंती: तुमच्याच विद्यार्थ्यांना साहेब आणि फौजदार करून समोरासमोर उभं करा, आणि एखाद्या वस्तीतल्या बाईला मानधन देऊन वर्गात बोलवा. तिचं ऐकायला लावा. तिच्यावर भाषण ठोकू नका.

ती तालीम आपण इथे करू. अशा वेळी "साहेब, हे बेकायदेशीर आहे, मी करणार नाही" हे वाक्य बरोबर असलं तरी परिविक्षेतल्या अधिकाऱ्याच्या तोंडून फार वेळा निघत नाही. आणि चार लोकांसमोर निघालं तर साहेबांना मागे फिरायला जागा उरत नाही. त्यापेक्षा हे विचारा: "साहेब, स्टेशन डायरीला काय नोंद करू?" साधा, कामाचा प्रश्न. कुणाला आणलं, किती वाजता, कोणत्या कलमाखाली, कुणाच्या आदेशानं. ज्या कामाची नोंद करता येत नाही ते काम काय आहे, हे साहेबांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बरेचदा एवढ्यावर हुकूम ढिला पडतो. लगोलग पर्याय पुढे करा: "मी आत्ता वस्तीवर जाऊन दोघींचे जबाब तिथेच घेते, मुलाच्या नावानं कलम ३५ ची नोटीस त्यांच्याकडे देते, आणि वॉरंटचा रिपोर्ट रात्रीच तयार करते." रिकाम्या हातानं दिलेल्या नकारापेक्षा तयार कागद घेऊन केलेली सूचना अधिकाऱ्याला पचायला सोपी जाते.

तरीही हुकूम कायम राहिला तर? मग लेखी मागा. लेखी मिळत नसेल, तर घडलं ते खरंखुरं डायरीला लिहा आणि उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना कळवा. याची किंमत पडू शकते. गोपनीय अहवालात एखादी खोच, नकोसा बंदोबस्त, "मॅडम फार कायद्याच्या" अशी कुजबुज. ही किंमत नाही असं सांगणारा सल्लागार तुम्हाला फसवतोय. पण बेकायदेशीर आदेश पाळला हा बचाव कोर्टात चालत नाही, आणि त्या वेळी साहेब तुमच्या शेजारी उभे असतील याची खात्री कुणी देणार नाही. परिविक्षेचा काळ अवघड असतो, मान्य. तरी एक चांगलं आहे: नव्या अधिकाऱ्याला भाबडेपणानं नियम विचारायची मुभा असते. दहा वर्षांनी तोच प्रश्न विचाराल तर बंड समजतील.

झालेल्या रात्रीबद्दल साहेबांशी एकदा बोला. सकाळी, केबिनमध्ये, कुणी नसताना. आरोप नको. "त्या रात्रीची नोंद नाही, चित्रीकरणात मी आहे, मला झोप लागत नाही" इतकं पुरे. मागच्या तारखेची नोंद घालून ते सारवायचा सल्ला कुणी दिला तर मात्र ठाम नकार द्या. त्यानं एका गुन्ह्याचे दोन होतील. आणि उद्या चौकशी झाली तर खरं सांगा. त्याआधी ठाण्याशी संबंध नसलेल्या एखाद्या फौजदारी वकिलाशी बोलून ठेवलंत तर बरं.

त्या दोघींना भेटायला जावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत. पण तुमच्या मनात असावं असं मला वाटतं. गणवेशात, सरकारी गाडीतून जाऊ नका. तुम्ही माफी मागायला आलात हे कळायच्या आत वस्ती रिकामी होईल, आणि खटला चालू असताना तुमचं जाणं दबावासारखं दिसेल. पैसे, साडी, बाळाला कपडे असलं काहीही नको. तुमच्या भागात वस्तीशी जोडलेली आश्रमशाळेची शिक्षिका, आशा ताई किंवा एखादी कार्यकर्ती असेल तर तिच्याकडून आधी विचारा: त्या बायकांना पंचायतीचा काही त्रास झाला का, बाळ बरं आहे का. त्रास होत असेल तर तिथे तुमच्या गणवेशाचा कायदेशीर उपयोग आहे. पुढे कधी वस्तीतून कुणी तक्रार घेऊन आलं, तर पहिली खबर (एफआयआर) तुम्ही स्वतः नोंदवा. वस्तीतला माणूस फिर्यादी म्हणून ठाण्यात यायला धजावला, तर बीटवर काहीतरी बदलतंय असं खुशाल समजा. जिथे पारधी वस्ती नाही, तिथे एखादा मोहल्ला असेल, तृतीयपंथीयांचं घर असेल किंवा परप्रांतीय मजुरांच्या चाळी असतील, काम तेच.

आता तुमच्या तब्येतीचं. झोप उडून दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त झाले असतील, तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येत असेल, ड्युटीवर जायच्या विचारानं छातीत धडधडत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. खात्यात कळेल ही भीती वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि एक गोष्ट स्पष्ट शब्दांत: स्वतःला संपवण्याचा विचार चुकून जरी आला, तर त्याच दिवशी पिस्तूल जमा करा आणि घरच्या कुणालातरी सांगा. रात्रपाळीनंतरची झोप कुणाला विकू नका, साप्ताहिक सुट्टी लेखी मागा, ठाण्याबाहेरची एक तरी मैत्रीण टिकवा. ज्या म्हातारीवर ओरडलात तिच्या तक्रारीचं पुढे काय झालं, ते मात्र उद्याच बघा. तिच्या घरी जाऊन सांगितलंत तर त्या रात्री थोडी बरी झोप लागेल, असा माझा अंदाज आहे.

एसटीआयच्या तयारीबद्दल: चांगली नोकरी आहे, जायचं असेल तर जरूर जा, त्यात पळपुटेपणा काही नाही. फक्त झोप नसताना ठरवू नका. डायरीचा प्रश्न एकदा खरोखर विचारून बघा, काय होतं ते पाहा, आणि मग फॉर्म भरा किंवा भरू नका. कर विभागात गेलात तरी एखाद्या दिवशी कुणीतरी तोंडी आदेश देईलच.

घरी सांगायचं का? गुन्ह्याचे तपशील, नावं सांगू नका. ते तुमच्या कामाला बांधलेलं आहे. पण तुम्हाला काय होतंय ते सांगा. आईला आधी सांगा असं मी सुचवेन. वडिलांनी गावात पेढे वाटले असणार, त्यांना लगेच ऐकवणार नाही. त्यांना थोड्या दिवसांनी सांगा, शेतावर, चालता चालता. फौजदार लेकीचा अभिमान असलेल्या माणसाला हे झेपणार नाही, असं आधीच धरून चालू नका.